प्लॉटचा नियम, वसाहतीचा हिशेब

साशंक : आधी नियम वाचा आणि मगच सही करा, असं तुम्ही सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत सांगता. मला ते पटत नाही. मुंबईची आत्ताची विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे डीसीपीआर २०३४, ही २०१८ मध्ये लागू झाली. तेव्हापासून तिच्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या की आर्किटेक्टसुद्धा एखादं कलम सांगताना शेवटची अधिसूचना कुठली ते आधी बघतात. जो नियम समजायला तज्ज्ञ लागतो आणि जो तुमचं वाचून होईपर्यंत बदललेला असतो, तो वाचून सामान्य माणसाच्या हाती काय लागणार? बिल्डर स्वतः काही वाचत बसत नाही. वाचणारी माणसं तो पगारावर ठेवतो. तुम्ही मात्र नोकरी सांभाळून, चष्मा लावून रात्री वाचणार आणि त्याच्या माणसांशी बरोबरी करणार!

आग्रही : बरोबरी करायला मी सांगतच नाही. फसू नका एवढंच सांगतो. आमच्या कन्नमवार नगरचंच घ्या. गृहनिर्माण मंडळाने साठच्या दशकात कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत. नाव दिलं ते मुख्यमंत्रिपदावर असतानाच १९६३ मध्ये वारलेल्या मारोतराव कन्नमवारांचं. इथली खोली लहान, पण तिचा पुनर्विकास ज्या ३३(५) नियमाखाली होतो त्यात स्पष्ट लिहिलंय, की मूळ रहिवाशाला त्याच्या चटईक्षेत्रावर ३५ टक्के वाढ मिळेल आणि घर किमान ३५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ३७७ चौरस फुटांचं असेल. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे ठरल्या मर्यादेवरचं जादा क्षेत्र. रहिवाशांच्या घरांवरचं हे फंजिबल अधिमूल्य न भरता मिळतं आणि ते रहिवाशांच्याच घरांसाठी वापरावं लागतं. विक्रीच्या फ्लॅटमध्ये ते वळवता येत नाही. हे वाक्य ज्या सोसायटीने वाचलंय, तिच्यापुढे कोणी विकासक ‘तुमच्यासाठी खास म्हणून एवढे फूट वाढवून देतो’ म्हणत आला, तर ती त्याला थांबवते आणि विचारते, ‘यातलं आमच्या हक्काचं किती आणि तुम्ही देताय किती?’ हा एक प्रश्न विचारता येणं म्हणजे नुसतं समाधान नव्हे. त्याने सौद्याचा आकडा बदलतो.

आणि वाचायला आधी नियमावलीचा गठ्ठा लागत नाही. डीपी रिमार्कचा, म्हणजे विकास आराखड्यात आपल्या जमिनीबद्दल काय आहे ते सांगणारा कागद काढायचा. अर्जात गावाचं नाव टाकावं लागतं. विक्रोळीत जन्म गेलेल्या माणसालाही तिथे कळतं, की कन्नमवार नगर कागदावर विक्रोळी गावात नाही. ते मौजे हरियाली, तालुका कुर्ला. तो कागद बहुतांशी इंग्रजीत असतो, पण लहान असतो. जमीन कुठल्या झोनमध्ये, तिच्यावर आरक्षण आहे का, शेजारच्या जमिनीवर आहे का, रस्तारुंदीत किती जाते, पाण्याची आणि मलनिःसारणाची वाहिनी कुठून गेलीय, हे सगळं त्यात असतं. जमिनीची उंची टाउन हॉल डेटम या मुंबईच्या प्रमाण पातळीच्या मापात दिलेली असते. पावसात आपल्या तळमजल्यात पाणी का शिरतं याचं अर्धं उत्तर त्या उंचीच्या ओळीत असतं. दहावी झालेल्या मुलाला शेजारी बसवून हा कागद लावता येतो.

साशंक : लावा. पण त्या कागदावर काय नाही ते आता मी सांगते. तो कागद एका प्लॉटचा आहे. तुमच्या सोसायटीचं गणित बरोबर, शेजारच्या सोसायटीचंही बरोबर, पलीकडच्या वीस सोसायट्यांचंही बरोबर. प्रत्येकीचा आर्किटेक्ट वेगळा, बिल्डर वेगळा, परवानगी वेगळी. या सगळ्यांची मिळून जी बेरीज होते ती कोणत्या कागदावर असते? जिथे चार मजली इमारती होत्या तिथे वीस-बावीस मजले उभे राहतात. खाली रस्ता तोच, शाळा त्याच, गटारही तेच. गणपतीचा मांडव जिथे पडायचा आणि एरवी पोरं जिथे खेळायची, ते दोन इमारतींमधलं अंगण पोडियमखाली गेलं. कोणीही नियम मोडला नाही, काका. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. मोडला असता तर तक्रार तरी करता आली असती.

आग्रही : नियमाने रस्त्याचा विचारच केला नाही असं नाही. उपनगरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक एक. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढाच. नऊ मीटरच्या पुढे अधिमूल्य आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, धरून दोन, आणि रस्ता रुंदावत जाईल तसा वाढत सत्तावीस मीटरच्या पुढे अडीच. माणसं वाढली की वाट लागते, हे तत्त्व त्या तक्त्यात आहे.

साशंक : आणि त्याच पुस्तकात पुढे ३३ क्रमांकाची कलमं आहेत. तुमच्या म्हाडा वसाहतीला ३३(५) खाली त्या तक्त्याला वळसा घालून सरळ तीन, आणि प्लॉट चार हजार चौरस मीटरचा नि रस्ता अठरा मीटरचा असेल तर चार. खाजगी सोसायटीला वेगळं कलम, झोपडपट्टीला ३३(१०), उपकरप्राप्त इमारतींना आणखी वेगळं. म्हणजे तक्त्यात मांडलेलं तत्त्व मोकळ्या प्लॉटसाठी, आणि मुंबईत मोकळा प्लॉट उरलाय कुठे? आपल्याकडे जे काही उभं राहतंय ते अपवादाच्या कलमाखाली. अपवादच जिथे राज्य करतो तिथे नियम वाचून शहर कळत नाही. परवानगी देणारेही एक नाहीत. कन्नमवार नगर आणि टागोर नगरला २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण. आमच्या पार्कसाइटच्या डोंगरउतारावर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. मधल्या खाजगी जमिनींना महापालिका, त्यातही पूर्वेला एस वॉर्ड नि पार्कसाइटला एन वॉर्ड. खाडीकडे गेलं की सागरी किनारा नियमन क्षेत्र आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष. एका स्टेशनाच्या दोन बाजूंना इतकी दारं, आणि प्रत्येक दारावर सांगतात की बेरजेचं काम आमच्याकडे नाही.

आग्रही : बेरीज कोणाकडे नाही हे मी मान्य करतो, आणि ते हलकेपणाने करत नाही. विक्रोळीचा पूर्व-पश्चिम जोडणारा रेल्वेवरचा पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. म्हाडा वसाहतींना तीनचा निर्देशांक त्याच्या कितीतरी आधी, २०१३ मध्येच मिळाला होता. चटईक्षेत्र अधिसूचनेच्या तारखेपासून लागू होतं, पुलाला मात्र वर्षं जातात. या दोन तारखांमधल्या काळात जो जगतो तो सोसतो. पण अपवादांचं म्हणाल, तर माझं मत उलटं आहे. अपवाद लेखी असतात आणि त्यांना अटी असतात, म्हणूनच ते वाचायचे. गिरण्यांचं आठवा. १९९१ च्या नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि हे वाटप पूर्ण जमिनीचं न राहता फक्त मुळात मोकळ्या असलेल्या तुकड्याचं झालं. गिरणीच्या आवारात इमारत नसलेली जमीन असते किती? काही शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याच्या बागा नि घरं गेली. ते शब्द ज्या महिन्यात आले त्या महिन्यात हजारो लोकांनी वाचले असते तर?

साशंक : वाचले होते की. उशिरा का होईना, वाचणाऱ्यांनी वाचले आणि ते कोर्टात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. दुसरं घ्या. मैदानासाठी, बागेसाठी राखलेल्या जमिनीवर झोपड्या असतील तर पुनर्वसन योजना करता येते आणि साधारण तिसरा हिस्सा, हल्लीच्या नियमात ३५ टक्के, मोकळा ठेवायचा. याविरुद्धची याचिका २००२ ची. तिचा निकाल लागला जून २०२५ मध्ये, आणि नियम वैध ठरला. २००२ मध्ये त्या मैदानासाठी भांडणाऱ्या आईचं मूल या काळात बाप झालं असेल. त्या याचिकेत दोन्ही बाजूंना माझ्यासारखीच माणसं आहेत, हेही विसरू नका. मैदान मागणारी आणि त्या मैदानावर घर असलेली. नियम वाचल्याने त्यांच्यातला पेच सुटत नाही.

आग्रही : सुटत नाही, पण पेच कशात आहे ते दिसतं. आणि हरलेल्या खटल्यांबरोबर जिंकलेलेही मोजा. सोसायटीच्या आवारातली राखीव करमणुकीची जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या छतावर नको, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं. आजही आमच्याकडे कोणी पोडियमवरची हिरवळ दाखवली की मी विचारतो, जमिनीवर किती? २०१५ चं तर डोळ्यांसमोरचं आहे. फेब्रुवारीत नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू गाळलेल्या, स्टेशनांजवळ आठपर्यंत निर्देशांक. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून चुका दाखवल्या, हजारोंनी हरकती दिल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घ्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. आपल्या दारासमोरून रेघ कुठून गेलीय एवढंच बहुतेकांनी पाहिलं. त्यासाठी त्यांना तज्ज्ञ व्हावं लागलं नाही.

साशंक : आपल्या दारासमोरची रेघ! माझाच मुद्दा तुम्ही मांडलात. दारावरून रेघ गेली की माणूस उठतो. खाडीवरून गेली तर कोण उठेल?

आग्रही : खाडीवरून गेली तेव्हाही उठले, म्हणून तर विक्रोळीची खाडी आहे. १९९१ ची किनारा अधिसूचना आली नसती, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं आणि त्यांच्याभोवतीचे पन्नास मीटर, मालक कोणीही असो, बांधकामाला बंद केले नसते, तर द्रुतगती मार्गाच्या पलीकडे आज काय दिसलं असतं? पलीकडे ठाणे खाडीत आता फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं.

साशंक : विक्रोळीची कांदळवनं नियमाने राखली असं मी म्हणणार नाही. पिरोजशा गोदरेजांनी १९४३ मध्ये इथली जमीन लिलावात घेतली आणि त्या घराण्याने खाडीकाठ तोडायचा नाही असं ठरवलं. १९८५ मध्ये तर त्यासाठी सागरी परिसंस्थेचं केंद्रही काढलं. एका मालकाने लोभ आवरला म्हणून हिरवं उरलं. नियमाचं म्हणाल, तर २०१९ च्या किनारा अधिसूचनेने खाजगी जमिनीवरच्या कांदळवनांचा तोच पन्नास मीटरचा पट्टा काढून टाकला. म्हणजे नियम ढिला झाला तरी मालकाचा शब्द तेवढा टिकला.

आग्रही : आणि मालक बदलला तर? किंवा मालकापेक्षा मोठं कोणी आलं तर? बुलेट ट्रेनच्या बोगद्यासाठी त्याच गोदरेजांची ३९,२५२ चौरस मीटर जमीन घेतली गेली. त्यांनी कोर्टात जाऊनही २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली. मुंबईतल्या सर्वांत मोठ्या खाजगी जमीनमालकांपैकी एकाची जर ही गत, तर मालकाच्या चांगुलपणावर खाडी सोपवता येत नाही. चांगुलपणाची मुदत मालकाच्या हयातीइतकी. नियम ढिला झाला तर कुठल्या तारखेला, कोणाच्या सहीने झाला ते दाखवता तरी येतं. २०१९ ची अधिसूचना आहे म्हणूनच तुम्ही आत्ता तिच्यावर बोट ठेवू शकलात.

साशंक : ठेवलं. आणि बोट ठेवून काय झालं? बरं, खाडी सोडा, वर डोंगराकडे या. जुलै २०२१ मध्ये सूर्यनगरला रात्री दरड कोसळली आणि झोपेतली माणसं गाडली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षानगरला पुन्हा तेच, घरातली दोन माणसं गेली. तुमच्या नकाशावर त्या उताराला एक रंग आहे. तो रंग म्हणतो की इथे असं राहू नये. पण माणसं राहतात. दरवर्षी पावसाआधी घरं खाली करा म्हणून नोटीस लागते. कुठे जायचं ते तिच्यात नसतं. संरक्षक भिंत कोणी बांधायची यावर पत्रव्यवहार चालतो. तुमच्यासाठी नियमाची सुरुवात नगर भूमापन क्रमांकाने होते, आमच्यासाठी तारखेने. १ जानेवारी २००० च्या आधी आलात तर मोफत, २०११ च्या आधी आलात तर पैसे भरून, त्यानंतर आलात तर तुम्ही नाहीतच. फोटोपास आहे का, मतदार यादीत नाव कुठल्या सालापासून, वीज बिल कोणाच्या नावावर, हे आमचं जमिनीचं कायद्याचं वाचन. ते आम्ही तुमच्यापेक्षा काळजीपूर्वक करतो. माझ्या आळीतल्या अडाणी बाईला सुद्धा परिशिष्ट दोन, म्हणजे कोण पात्र नि कोण अपात्र याची यादी, काय असतं ते पाठ आहे. म्हणजे लोक वाचत नाहीत, हे तुमचं निदानच चुकीचं आहे. ज्याला जेवढं दार उघडं असतं तेवढंच तो वाचतो.

आग्रही : हे मी याआधी असं पाहिलं नव्हतं. परिशिष्ट दोनमध्ये नाव लावण्यासाठी जो खटाटोप होतो तो नियम वाचण्यातच जमा, हे खरं. मग माझं म्हणणं जरा बदलून मांडतो. वाचलं पाहिजे ते फक्त आपल्याला काय मिळतं एवढंच नव्हे. नियम बदलताना दार कधी उघडतं तेही वाचलं पाहिजे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे १९६६ चा. त्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात वा नियमात फेरबदल करायचा तर नोटीस काढावी लागते आणि महिन्याभरात कोणाही व्यक्तीकडून हरकती मागवाव्या लागतात. ‘कोणाही व्यक्तीकडून’ हे शब्द कायद्यातले आहेत. मालक हवा, भाडेकरू हवा, २००० च्या आधीचा हवा अशी अट तिथे नाही. परिशिष्ट दोनमध्ये तुमचं नाव नसेल, तरी कलम ३७ ला तुम्ही चालता.

साशंक : आणि हरकती ऐकतं कोण? निर्णय घेतं कोण? शासन. कलम १५४ खाली निर्देश देऊन फेरबदल आधी लागू आणि हरकती मागाहून, असंही होतं. मधे कोणी लोकप्रतिनिधी असावा, तर मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. वॉर्डात जाऊन कोणाची कॉलर धरायची हेच कळत नव्हतं. कायदा वॉर्डाचा नकाशा वेगळा करायलाही सांगत नाही. अख्ख्या मुंबईचा वीस वर्षांचा आराखडा आणि त्याखाली थेट तुमचा प्लॉट. मधे विक्रोळी नावाची जागा नियोजनात कुठेच नाही.

आग्रही : नाही, आणि मला वाटतं भांडायचं असेल तर याच्यासाठी भांडावं. कन्नमवार नगरचा अख्खा लेआउट एकत्र धरून पुनर्विकास व्हावा, प्लॉटगणिक नको, रस्ता, नाले आणि मैदान आधी आखून मग इमारती, ही मागणी बोलली जाते. ती प्रत्येक सोसायटीच्या घाईत बुडते. घाई का, तेही मला माहीत आहे. पावसात छताचं प्लास्टर गळतंय, म्हातारी माणसं चार मजले चढतायत, आणि मधे काही वर्षं म्हाडाने अधिमूल्याऐवजी घरांचा हिस्साच मागितला तेव्हा सगळं ठप्प झालं होतं. ते लोकांच्या लक्षात आहे. नियम अनुकूल आहे तोवर उरकून घ्या, असं ते म्हणतात. एकावन्न टक्के संमती झाली की पुरे. एकावन्न टक्के सोसायटीचे. वसाहतीची संमती कोणी मागितलेलीच नाही.

साशंक : मग आता मला एक सांगा, आणि टाळू नका. समजा तुमचं ऐकून मी वाचलं. तीनचा निर्देशांक आणखी वाढवायची नोटीस निघाली, आणि मी, कोणीही व्यक्ती म्हणून, हरकत लिहिली की आमच्याकडे आजच नळाला दाब नाही, डोंगरावरचं पाणी ज्या नाल्यांनी खाडीकडे जातं त्यांची ताकद मोजल्याशिवाय खालच्या अंगाला एक मजलाही वाढवू नका. ती हरकत मान्य झाली तर तुमच्या सोसायटीचा टॉवर अडतो. तुमच्या शेजाऱ्याची आई लिफ्टची वाट बघत चौथ्या मजल्यावरच राहते. त्या हरकतीवर तुम्ही सही कराल?

आग्रही : सरळ हो म्हणता येत नाही. नाले मोजा, यावर सही करेन. मोजेपर्यंत थांबा, यावर करताना माझ्याच मजल्यावरची माणसं समोर येतील. पण तुमची हरकत मला चुकीची वाटत नाही, आणि माझ्या सोसायटीचा हक्कही चुकीचा वाटत नाही. दोन्ही एकाच नियमावलीतून निघतात आणि दोघांना एकत्र बसवणारी जागा त्या नियमावलीत नाही.

साशंक : म्हणजे वाचून इथपर्यंत येता येतं.

आग्रही : इथपर्यंत. यापुढे तुमचा एन वॉर्ड आणि आमचा एस वॉर्ड एका कागदावर आणावा लागेल, आणि तो कागद मागायचा कोणाकडे हे अजून मला सापडलेलं नाही. पण पुढची नोटीस निघाली की तिची प्रत पार्कसाइटला पाठवतो. हरकत तुम्ही लिहा. माझी सही कुठल्या वाक्यापर्यंत येते ते मग समोरासमोर बघू.